माझी वही पोराला द्यावी का?

अनेरकाठ

नमस्कार मंडळी. मी चोपड्याकडचा. पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळकी तार काढून नवी घालायचं, रिवायंडिंगचं दुकान आहे. या फोरमवरचे शेतीचे धागे रोज वाचतो, लिहितो क्वचित. पण परवापासून एक गोष्ट मनात अडकून बसली आहे, म्हणून विचारतो.

जूनपासून माझ्याकडे एक पोरगा कामाला येतो. बारावी झालेला, घरी दोन एकर कोरडवाहू. हात चांगला आहे. परवा दुपारी मी डबा उघडून बसलो होतो, तर जवळ येऊन म्हणाला, "दादा, तुमच्या वहीचे फोटो काढून घेऊ का? म्हणजे सारखं तुम्हाला विचारायला नको." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. "बघू" म्हटलं आणि जेवत राहिलो. पण जेवण गेलं नाही.

वही म्हणजे काय ते सांगतो. मोटार जळून आली की जुनी तार काढायच्या आधी तिचा डाटा घ्यावा लागतो. स्टेटरला, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या लोखंडी भागाला, खाचा किती, एका कॉइलला टर्न म्हणजे वेढे किती, तार कोणत्या गेजची, म्हणजे किती जाड, कॉइल कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत गेली, जोडणी स्टार की डेल्टा, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइली एकमेकींना कोणत्या रीतीने जोडल्या. मोटारीच्या पाटीवर एचपी, व्होल्ट, अँपिअर लिहिलेलं असतं, हे आतलं काहीच नसतं. ते ज्याचं त्याने मोजून लिहून ठेवायचं. वीस वर्षांची वही असली की कुठलीही मोटार आली तरी पान उघडायचं आणि तार कापायला घ्यायची. म्हणून आमच्या धंद्यात लोक वही गल्ल्यात कुलुपात ठेवतात.

माझे उस्ताद आप्पा. २००४ च्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, वडिलांनी मला त्यांच्या दुकानात नेऊन उभं केलं. आप्पा पगाराचं काही बोलले नाहीत. माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "उद्या सकायले ये."

पहिले सहा महिने मी फक्त मोटारी खोलल्या, धुतल्या, जळकी तार छिन्नीने तोडून ओढून काढली आणि टर्न मोजले. खाचेतून तुटलेली टोकं वर येतात, ती एकेक करून मोजायची. एका खाचेवर भरवसा ठेवायचा नाही, कारण जळून दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात. तीन खाचा मोजायच्या. तिन्हींचा आकडा जुळला तर आप्पांना सांगायचा. ते गल्ल्यातून वही काढत, बघत, बंद करत आणि "पुन्हा मोज" किंवा नुसतं "हां" म्हणत. वहीत काय लिहिलंय ते मला कधी दिसलं नाही.

एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. अडावदकडून पाच एचपीची सबमर्सिबल आली होती. आप्पांनी स्टेटर दुकानाबाहेर उन्हात आणून उभा केला आणि मला विचारलं, "काय व्हयनं?"

मी म्हटलं, "जयनी." म्हणजे जळली.

"जयनी ते माले बी दिसस. कशी जयनी ते सांग."

मी गप्प. मग त्यांनी माझं बोट धरलं आणि एकेका कॉइलच्या टोकावरून फिरवलं. बारा कॉइली. आठ काळ्याठिक्कर, चार जशाच्या तशा. त्या चारही दोन-दोन अशा समोरासमोर. त्या दिवशी मला कळलं की जळलेली मोटार वाचता येते. स्टारमधली मोटार एक फेज गेल्यावरही चालू राहिली तर उरलेल्या दोन फेजच्या कॉइली जळतात, तिसरीच्या कोऱ्या राहतात. डेल्टामध्ये उलट, एका फेजच्या जळतात आणि दोन वाचतात. बाराच्या बारा सारख्या भाजल्या तर लोड जास्त झाला किंवा व्होल्टेज पडलं. एकाच जागी काळा डाग आणि बाकी सगळं ठीक, तर तिथे तार तारेला नाहीतर लोखंडाला लागलेली. आप्पांनी शेतकऱ्याला एवढंच विचारलं, "रातले डीपीना एक फ्यूज उडेल व्हता का?" तो म्हणाला, हो, सकाळी वायरमनने घातला. मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

दीड वर्षाने पहिली पूर्ण मोटार त्यांनी माझ्या हाती दिली. चार दिवस खपलो. चालू केली तर घरघर आवाज, आणि तिन्ही तारांचा करंट तीन तऱ्हेचा. आप्पांनी स्विच पाडला. ओरडले नाहीत. ड्रॉवरमधून शाळेत असतं तसलं छोटं होकायंत्र काढलं, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पुढे सरकवली आणि चहाला निघून गेले. एवढं त्यांनी एकदा करून दाखवलं होतं. एका फेजला हलका डीसी करंट द्यायचा आणि होकायंत्र स्टेटरच्या आतून हळूहळू फिरवायचं. दोन पोलच्या, म्हणजे दोन चुंबकी टोकांच्या, मोटारीत कॉइलींच्या एका गटापुढे सुई एका तोंडाने उभी राहते, समोरच्या गटापुढे फिरून उलटी होते. तिसऱ्या फेजला माझी सुई फिरलीच नाही. दोन्हीकडे तेच तोंड. एका गटाची दोन टोकं मी उलटी जोडली होती. आप्पा परत आले तेव्हा मी जोड सोडवत होतो. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "आते ही मोटार तुनी."

वही त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही. मी मोजलेले आकडे मी माझ्या शंभर पानी वहीत लिहीत गेलो, आणि आज जी माझी वही आहे ती तीच, आता तिसरी जिल्द. आप्पांनी दिली असती तर मी मोजलं असतं का, हे मला खरंच सांगता येत नाही. आणि न देण्यामागे त्यांच्या मनात शिकवायचं होतं की धंदा राखायचा होता, तेही मी कधी विचारलं नाही. आता विचारायची सोय राहिली नाही.

तर पोराला वही द्यावी का? मनापासून सांगा.

केळीबाग

दादा, मी तुमच्या गिऱ्हाइकाच्या बाजूचा माणूस. रावेर तालुक्यात केळी आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि नेमकी तेव्हाच मोटार जळते. निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेल्या बागेला चार दिवस पाणी नाही मिळालं तर घड लहान राहतो, आणि उन्हात झाड कमरेतून मोडतं ते वेगळं. दुकानात गेलं की तिथे आधीच पंधरा मोटारी रांगेत, भरणारा माणूस एकटा. मदतीला तीन पोरं असतात, पण ती फक्त नट खोलतात. उस्ताद आजारी पडला तर दुकानाला कुलूप.

मला वहीचं काही कळत नाही. पण तुमच्या पोराला तुमच्याइतकं यावं, ही गरज आमची आहे. द्या, एवढंच म्हणेन.

जळलेली मोटार वाचता येते हे मात्र आज पहिल्यांदा कळलं. आजवर मी मोटार टाकून यायचो आणि बिल देऊन आणायचो. पुढच्या वेळी समोर बसून कॉइली मोजून घेणार.

पांझराकाठ

माझं थोडं कडू आहे, पण तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून सांगतो.

मी चार वर्षं एका दुकानात होतो. गाव आणि दुकान सांगत नाही. सकाळी आठला झाडू मारण्यापासून रात्री शटर ओढण्यापर्यंत. विहिरीवर चेनकुप्पी लावून मोटार बाहेर काढायची, टेम्पोत टाकायची, दुकानात आणून खोलायची, तार ओढून काढायची, खाचांत घालायचा पेपर कापायचा, हे सगळं माझं. कॉइली खाचांत बसवण्यापर्यंत मी असायचो. जोडणीची वेळ आली की उस्ताद म्हणायचे, "जा, चहा घेऊन ये." चार वर्षांत एकदाही चहाची वेळ चुकली नाही. मी परत येईपर्यंत जोडण्या झालेल्या, वर स्लीव्ह चढवलेल्या आणि दोऱ्याने बांधलेल्या. एकदा मी दुकानातल्या दुसऱ्या पोराला चहा आणायला पाठवलं आणि स्वतः थांबलो, तर त्यांनी स्टेटर झाकून ठेवला आणि गिऱ्हाइकाशी बोलत बसले.

चौथ्या वर्षी मी ते काम सोडलं. आज मी घरगुती वायरिंग करतो, बरं चाललंय. पण स्टेटर दिसला की अजून पोटात कालवतं. माझी चार वर्षं कोणाच्या गल्ल्यात गेली?

तुमच्या आप्पांनी वही दिली नाही, पण बॅटरी पुढे सरकवून ते उठून गेले. माझे उस्ताद मला उठवून घालवत होते. या दोन चहांमध्ये फार अंतर आहे, दादा. वही द्या.

अनेरकाठ

पांझराकाठ भाऊ, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. खरं सांगतो, "बघू" म्हणताना माझ्याही मनात तीच भीती आली होती. पोरगा वर्षभरात शिकेल आणि समोरच्या गाळ्यात दुकान टाकेल. हे मी कोणाशी बोललो नव्हतो, बायकोशीसुद्धा नाही. तुमच्यामुळे ते स्वतःपुढे कबूल करावं लागलं.

निवृत्त निदेशक

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवून निवृत्त झालो. सध्या मुक्काम भुसावळ.

पांझराकाठ यांना आधी सांगतो, कारण त्यांची रुखरुख त्यामुळे थोडी तरी हलकी होईल. जी जोडणी तुमच्यापासून लपवली, तिच्यात गुपित असं काही नाही. ते चौथीचं गणित आहे. दोन पोलची मोटार म्हणजे पूर्ण फेरीला ३६० अंश. खाचा २४, म्हणजे एका खाचेचे १५ अंश. तीन फेज एकमेकींपासून १२० अंशांवर सुरू व्हायला हव्यात. १२० ला १५ ने भागा, आठ आले. पहिली फेज खाच १ मध्ये सुरू झाली तर दुसरी ९ मध्ये आणि तिसरी १७ मध्ये. ३६ खाचांची असेल तर एका खाचेचे १० अंश, म्हणून १, १३, २५. चार पोलच्या मोटारीत एका फेरीत ७२० विद्युत अंश धरायचे, बाकी रीत तीच. चार वर्षं चहा आणायला लावलेली गोष्ट या एवढ्या ओळींत बसते.

आता वहीबद्दल. आकड्यांपैकी कोणता आकडा नियमातून निघतो आणि कोणता फक्त मोजूनच मिळतो, हा फरक पोराला दाखवा. खाचांची जागा नियमातून निघते. टर्न आणि गेज मात्र त्या कंपनीने लोखंड किती वापरलं यावर ठरतात. तिथे पाठांतराचा उपयोग नाही. आणि गेज घेताना मायक्रोमीटर उघड्या तांब्यावर लावायचा, वरच्या कोटिंगवर नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. माझ्या वर्गात दर वर्षी निम्मी मुलं हीच चूक करायची.

एक गोष्ट मात्र मी आयटीआयमधला असूनही मोकळेपणाने लिहितो. आमचा ट्रेड दोन वर्षांचा. त्यात वाइंडिंगला जेमतेम काही आठवडे मिळतात. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे, तो मोठ्या कारखान्यांना लागू पडतो, पण तालुक्याच्या बाजारातल्या दहा बाय बाराच्या दुकानापर्यंत तो पोचत नाही. तिथे पोरगा शिकला की नाही हे उस्तादाच्या मनावरच राहतं.

खापरावरची

मोटारीतलं मला काही कळत नाही, पण वहीचं कळतं, म्हणून लिहिते.

माझं माहेर नाशिककडचं, सासर अमळनेर तालुक्यात. लग्नानंतर पहिल्या आखाजीला चुलत सासूबाईंनी चूल पेटवून त्यावर खापर पालथं घातलं आणि मांडे करायला बसल्या. त्या एवढ्याशा गोळ्याचा हातांवर घेत घेत कोपरापर्यंत रुमाल होताना मी पहिल्यांदा बघितला. मी लगेच वही-पेन घेऊन बसले. गहू किती, पाणी किती, कणीक किती वेळ मळायची, पुरण किती. काकूंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मी सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या मापाने केलं तर मांडा हातावरच फाटला. पुरण चुलीत.

मग त्यांनी माझी वही फडताळात ठेवली आणि कणकेच्या परातीत माझा हात घातला. "उचल," म्हणाल्या. कणीक माझ्या बोटांवरून दोरीसारखी लोंबली आणि मध्येच तुटली. "अजून पाणी नि अजून मार." त्या दिवशी मी कणीक तासभर आपटली असेल, मळणं नव्हेच ते, आपटणंच. पुन्हा उचल. जमिनीकडे लांबत गेली आणि तुटली नाही, तेव्हा म्हणाल्या, "हाऊ वखत हातले ध्यानमा ठेव." गहू जुना असला तर पाणी जास्त पितो, नवा असला तर कमी, हे वहीत कसं लिहिणार? मग ओला पंचा दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूंवर घेऊन फिरवायला लावला. आठ दिवस, रोज संध्याकाळी, नुसता पंचा. खांदे भरून यायचे. नवव्या दिवशी मांडा झाला. कडेला जाड होता, पण फाटला नाही.

नंतर एक गंमत कळली. काकूंनी वही देऊन टाकली होती तरी मला येत नव्हतं, आणि येऊ लागल्यावर मी वही उघडलीच नाही. म्हणून दादा, तुम्ही वही द्याल याची भीती बाळगू नका. वहीने कोणी मांडे करत नाही. पण दिली नाहीत तर पोराच्या मनात कायम राहील की तिच्यात काहीतरी आहे. माझी आज फडताळात पडून आहे, म्हणूनच ती मला खुपत नाही.

केळीबाग

ताई, नुसतं वाचूनच भूक लागली. मांडे, आमरस आणि सोबत रस्सी. दादा, धागा भरकटवल्याबद्दल माफी.

शहादा शिकाऊ

नमस्कार. मी सगळे प्रतिसाद वाचले. मी यंदा आयटीआय इलेक्ट्रिशियन पूर्ण केलं. आमच्या बॅचमध्ये आम्ही तीन मुली होतो. मला वाइंडिंगचं काम फार आवडलं. सरांनी एकदा जुनी मोटार उघडून दाखवली तेव्हापासून. पण तीन दुकानांत विचारलं, तिघेही म्हणाले, "पोरीचं काम नाही हे, विहिरीवर जावं लागतं, मोटार उचलावी लागते." एकाने तर माझ्याशी न बोलता वडिलांशीच बोलून आम्हाला परत पाठवलं.

माझा प्रश्न असा की उस्ताद मिळालाच नाही तर हे काम शिकता येतं का? निवृत्त निदेशक सर, तुमचं १, ९, १७ मी वहीत लिहून घेतलं.

निवृत्त निदेशक

बाळ, भंगारवाल्याकडून जळालेला सीलिंग फॅन घे. स्वस्तात मिळेल. त्याच्यावरून सुरुवात कर. कापण्याआधी मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढ, टर्न मोज, रनिंगच्या आणि स्टार्टिंगच्या कॉइली वेगवेगळ्या कागदावर काढ, मग भर. पाच पंखे स्वतः भरून चालले, की मिक्सर आणि कूलरचा पंप घे. घरच्या टेबलावर होतं हे काम, कोणाची परवानगी लागत नाही. एक काटेकोरपणे पाळ: टेस्टिंग करताना सिरीज बोर्डवर बल्ब लावूनच सप्लाय दे, थेट मेन्सवर कधीही नाही. चूक झाली तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटेल, तार जळणार नाही. आणि एकटी असताना चालू लाइनला हात लावू नको.

पण पंख्यांवर शिकलीस तरी पुढे उस्ताद लागतोच. मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग गेलं की वाइंडिंग, हे सांगणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो. ते मी वर्गात कधी शिकवू शकलो नाही.

अनेरकाठ

शहादा शिकाऊ ताई, दुकानातली जड उचलाउचल चेनकुप्पी करते. माझी पाठ २०१६ मध्ये गेली, तेव्हापासून मी स्वतः एकही मोटार उचललेली नाही, आणि दुकान चालू आहे. सबमर्सिबलमध्ये लांब स्टेटरमधून तार एकेक टर्न हाताने ओढत न्यावी लागते, खाचेच्या तोंडाशी वरचं पीव्हीसी खरवडलं तर सगळं काम वाया. त्याला लागतो हलका हात आणि चिकाटी. तुम्हाला परत पाठवणाऱ्यांना हे माहीत आहे. तालुक्याच्या गावापेक्षा जरा मोठ्या गावात विचारून बघा, जिथे दोन-तीन कारागीर एकत्र बसतात. आणि जाताना स्वतः भरलेला पंखा हातात घेऊन जा. बोलण्यापेक्षा तो बघून उस्तादाचं मन वळेल. माझं तरी वळलं असतं.

तापीकाठ

थोडं वेगळं, पण याच विषयातलं.

माझं वय ५२. गेल्या वर्षी शेतात सौर पंप बसवला. मोटारीत मला तीस वर्षांचा अनुभव, आप्पांसारख्यांच्या दुकानात उठबस. पण कंट्रोलरच्या पडद्यावर काही तरी चूक दाखवून पंप बंद पडायचा आणि मी नुसता बघत बसायचो. शेवटी गावातल्या बावीस वर्षांच्या पोराला विचारलं. तो शिकवायला तयार होता, मलाच शिकायची लाज वाटत होती. त्याच्यासमोर बांधावर बसून वहीत लिहून घेताना चार जण बघून गेले.

आमच्याकडे मुक्ताईनगरला मुक्ताबाईचं देऊळ आहे. तिथून जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं. लहानपणापासून यात्रेला दोन्हीकडे जातो. चौदाशे वर्षांचा योगी कोवळ्या मुलीचा शिष्य झाला, ही गोष्ट आजीने शंभर वेळा सांगितली असेल. मला ती त्या बांधावर बसल्यावर कळली.

अनेरकाठ दादा, तुमचा पोरगा तुम्हाला काय शिकवू शकतो, हेही कधी बघा.

पांझराकाठ

निवृत्त निदेशक सर, तुमचा प्रतिसाद आला त्या रात्री मी एक कागद घेतला आणि २४ खाचांचं चित्र काढलं. १, ९, १७. मग ३६ चं. मग चार पोलचं. बायको म्हणाली, झोपा आता. साडेबारा वाजले होते. सर, तुम्ही मला पंधरा वर्षांपूर्वी भेटायला हवे होतात.

अनेरकाठ

मंडळी, तीन आठवडे झाले. काय केलं ते सांगतो.

वही आता गल्ल्यात नसते, कामाच्या टेबलावर असते. पोराला म्हटलं, फोटो काढ, हवे तेवढे काढ. पण एक गोष्ट ठरवली. मोटार उघडल्यावर आधी तू मोजायचं, कागदावर लिहायचं, मला वाचून दाखवायचं, आणि मगच वही उघडायची. आप्पांची रीत मी ठेवली, फक्त वहीचं तोंड त्याच्याकडे फिरवलं.

पहिले काही दिवस त्याला ते जड गेलं. फोटो मोबाइलमध्ये असताना छिन्नी घेऊन टोकं कशाला मोजायची, असं त्याच्या तोंडावर दिसायचं. मीही चारदा तरी ओरडणार होतो, ओरडलो नाही.

मग गेल्या सोमवारी धानोऱ्याकडून एक सबमर्सिबल आली. कंपनी ओळखीची, साडेसात एचपी, वहीत तिचं पान आहे, माझ्या हातचं, २०१२ चं. त्यावर टर्न ३८. पोराने मोजले, ३६. मी म्हटलं, पुन्हा मोज. त्याने पुन्हा मोजले, ३६. दुसरी खाच, ३६. तिसरी, ३६. मला वाटलं मधल्या कोणी भरणाऱ्याने घोळ केला असेल, आपण वहीतले ३८ घालू. तसं मी त्याला म्हणालोही.

तो काही बोलला नाही. टेप घेऊन आला आणि स्टेटरच्या आत लोखंडाची लांबी मोजली. आठ इंच. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, साडेसात. कंपनीने मधल्या काळात स्टॅम्पिंगचा, म्हणजे लोखंडी पत्र्यांचा, थर वाढवला होता. लोखंड वाढलं की टर्न कमी लागतात, हे मीच त्याला सांगितलं होतं, पहिल्या महिन्यात, कुठल्या तरी दुसऱ्या मोटारीवर. त्याने मोबाइलवर हिशोब केला: ३८ गुणिले साडेसात, भागिले आठ. पस्तीस आणि वर काहीतरी. म्हणजे ३६ बरोबर. माझे ३८ घातले असते तर मोटार चालली असती, जळलीही नसती. पण मऊ पडली असती. आमच्याकडे रात्रीच्या पाळीला व्होल्टेज पडतं, तेव्हा तिने पाणी ओढलं नसतं. शेतकरी दोन महिने बोअरला दोष देत राहिला असता.

३६ ने भरली. स्टेटर पाण्यात बुडवून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला, काटा वर गेला. बुधवारी बोअरमध्ये सोडली. तिन्ही फेजचा करंट सारखा आला. शेतकऱ्याचा फोन आला तो मी पोराला दिला.

त्या पानावर खाली जागा होती. मी पेन त्याच्याकडे दिला. त्याने लिहिलं: लांबी ८ इंच, टर्न ३६, तारीख. माझ्या वहीत पहिल्यांदा दुसऱ्याचं अक्षर आलं. त्याचे सहा माझ्या सहासारखे नाहीत, त्याने त्यांना खाली शेपटी काढली आहे.

शहादा शिकाऊ ताई, पंख्याचं काय झालं ते कळवा.

शहादा शिकाऊ

दादा, दोन पंखे आणले. पहिल्याचे टर्न मोजताना तार मध्येच तुटली, आकडा गेला. दुसरा भरला. सिरीजमध्ये लावला तर बल्ब मंद पेटतो आणि पंखा फिरतो, पण उलटा. स्टार्टिंगच्या कॉइलची टोकं अदलाबदल करायची ना? की रनिंगची?

निवृत्त निदेशक

कोणतीही एकच जोडी बदल. दोन्ही बदलल्यास तर तो पुन्हा उलटाच फिरेल. का, ते आधी स्वतः विचार कर आणि उद्या मला इथे लिहून सांग.